पाण्याच्या रॉकेटचा फोल्डिंग लॉन्च पॅड: काटा खाली येतो, बाटली आधीच सुटते, नाहीतर सुटतच नाही

आधी लक्षणं सांगतो, तुमचं कुठलं ते बघा.

एक. पंप मारताय, गेजचा काटा ४० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) जातो, हात थांबवला की हळूहळू खाली. कधी फुस्स आवाज येतो, कधी काहीच ऐकू येत नाही, फक्त पॅडखालची जमीन ओली होत जाते.

दोन. दोरीला हातही लावला नाही आणि २५-३० लाच बाटली सुटली. पंप मारणारा चिंब, पोरं खूश, तुम्ही नाही.

तीन. ६० पर्यंत गेलं, दोरी ओढली, काही नाही. परत ओढली, पॅडच सरकला. आता प्रेशरने भरलेली बाटली उभी आहे आणि जवळ जायची कोणाची टाप नाही (जाऊही नये, त्यावर खाली).

चार. सुटतं व्यवस्थित, पण जातं तिरकं, आणि गंमत म्हणजे दर वेळी दोरी ओढणाऱ्याच्याच दिशेने.

मी भांडुपला राहतो आणि रविवारी सोसायटीतल्या पोरांबरोबर हा उद्योग करतो. एकच पॅड आहे, तोच शाळांमध्येही घेऊन जातो, आणि ह्या चारही भानगडी इतक्या वेळा निस्तरल्यात की आता पिशवी उघडतानाच अंदाज येतो. फटाक्याच्या दारूच्या इंजिनवाली मॉडेल रॉकेट आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, आणि घरी दारू कुटून इंजिन बनवायचा विचार डोक्यात असेल तर तो तिथेच सोडा. स्फोटकं बनवायला एक्स्प्लोझिव्ह्ज रूल्स २००८ खाली परवाना लागतो, तो नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, अखत्यारीतला विषय आहे, आपल्या गॅलरीतला नाही. त्यामुळे आपलं रॉकेट म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात साधारण एक तृतीयांश पाणी आणि वरून पंपाची हवा.

पॅड कसा आहे ते थोडक्यात, म्हणजे पुढचं कळेल. उभा वीतभर पीव्हीसी पाइप, त्यावर ओ-रिंग म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, त्यावर बाटली उलटी बसते. पाइपभोवती केबल टायची रांग, त्यांची डोकी बाटलीच्या मानेच्या कड्याला धरून ठेवतात, आणि त्या डोक्यांवरून एक जाड पाइपचा तुकडा म्हणजे कॉलर वर सरकवलेला असतो. दोरी ओढली की कॉलर खाली येते, टायची डोकी मोकळी होतात आणि बाटली सुटते. जगभर ह्याला क्लार्क केबल टाय लॉन्चर म्हणतात. खाली घडीचे तीन पाय. पॅडपासून साडेपाच मीटर निळा पीयू (पॉलीयुरेथेन) पाइप येतो माझ्यापर्यंत, आणि माझ्या हाताशी जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) फिटिंगवर गेज, बॉल व्हॉल्व्ह आणि टायरचा वॉल, म्हणजे हवा भरायचं तोंड. हे सगळं सुटं होऊन क्रिकेटच्या किटबॅगमध्ये मावलं पाहिजे कारण मला ते लोकलने न्यायचं असतं. थुंब्याला रॉकेटचा नाकाचा भाग सायकलवरून नेतानाचा फोटो सगळ्यांनी बघितलाय, आमचं तेच, फक्त मालडब्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी.

आणि मुद्दा इथेच आहे. जो पॅड दर वेळी सुटा करून जोडायचा आहे तो लीक होणार तर जिथे आपण दर वेळी हात लावतो तिथेच होणार. सोल्युशनने चिकटवलेले जॉइंट आपण उघडतच नाही, ते बिचारे वर्षभर गप्प बसून असतात. पण लोक पहिली करवत तिथेच लावतात! मीही लावली होती. पहिल्या वर्षी चांगला एल्बो कापून फेकला, नवा चिकटवला, २४ तास सुकवला, आणि गळती तश्शीच, कारण ओ-रिंगखाली जुहूच्या वाळूचा एक कण होता. एक कण. तेव्हापासून फुकटातल्या गोष्टी आधी, मग दहा-वीस रुपयांच्या, मग करवत.

सगळ्यात आधी, हवा सोडता येते का बघा

काहीही तपासायच्या आधी हे. बाटली भरलेली असताना लांबून हवा सोडायची सोय तुमच्या पॅडला आहे का? बरेच जण वॉल थेट पॅडच्या बुडाशी बसवतात आणि तिथे पंपाची नळी लावतात. मग हवा आत जाते पण बाहेर काढायला रस्ताच नाही, आणि लक्षण तीन आलं की अडकलात. वॉल हाताकडच्या टोकाला पाहिजे, त्याच्याशेजारी बाहेर उघडणारा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे गडबड वाटली की लिव्हर फिरवायचा आणि सगळी हवा तुमच्याकडून बाहेर. थोडं पाणीही येतं नळीतून, येऊ दे. हा व्हॉल्व्ह नसेल तर बाकीचं वाचू नका, आधी तो बसवून या.

हाताकडच्या भागात पीव्हीसी वापरू नका, जीआय किंवा पितळ घ्या. पीव्हीसी पाइप पाण्याच्या दाबासाठी असतो, दाबलेल्या हवेसाठी कंपन्या तो वापरू नका म्हणूनच सांगतात, कारण तो फाटत नाही, तुकडे होऊन उडतो. पॅडकडे आपण वीतभर वापरतो तो पॅड आपल्यापासून दूर असतो म्हणून, आणि त्यावरही मी जुन्या जीन्सचा पाय गुंडाळून वरून टेप मारलीय. दिसायला गचाळ आहे, असू दे.

फुकटातलं

पहिलं म्हणजे दोन मिनिटं थांबा. खरंच. पंप मारताना हवा तापते, पंपाचं बूड हाताला गरम लागतं ना, तीच हवा बाटलीत गेलीय, ती थंड झाली की काटा आपोआप थोडा उतरतो. पहिल्या मिनिटात दोन-तीन पीएसआय उतरून काटा थांबला तर ते लीक नाहीच. लोक इथेच घाबरून सगळं उघडायला बसतात. न थांबता उतरत राहिला तर लीक.

दुसरं, बाटली बदला. तीच बाटली दहा वेळा उडालीय, दगडावर आपटलीय, तिच्या तोंडाच्या कडेला बारीक खाच पडलेली असते. बोटाने फिरवून बघा, नखाला अडकते. ओ-रिंग कितीही नवी असली तरी खाचेतून हवा जाणार. दुसरी बाटली लावली आणि लीक थांबलं की काम झालं, पॅडला हात लावू नका.

बाटली कुठली हेही महत्त्वाचं. बुडाला पाच पाकळ्या असलेली, थम्स अप किंवा सोड्याची, गॅसचा दाब धरायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली, हातात धरली की कडकड वाजते ती, चालणार नाही, तिच्यात दाब धरायची ताकदच नसते. बाटलीवर पांढरट रेषा आल्या असतील, चेपून परत फुगवलेली असेल, भंगारात टाका.

तिसरं, पुसा आणि ओलं करा. पाइप, ओ-रिंग, बाटलीच्या मानेचा आतला भाग, स्वच्छ ओल्या फडक्याने. मग ओ-रिंगवर पाण्याचे दोन थेंब आणि बाटली किंचित फिरवत बसवा. पाणी हेच पुरतं. खोबरेल तेल, ग्रीस असलं काही लावलंत तर बसते छान, पण किनाऱ्यावर अर्ध्या तासात त्यावर पॉलिश पेपरइतकी वाळू चिकटलेली असते. मी शिकलो तो ह्याच मार्गाने.

चौथं, पीयू पाइपचं टोक. पुश-फिट कनेक्टरमध्ये हा पाइप नुसता दाबून बसतो, आत छोटी रबरी रिंग त्याला गोल धरते. पाइप कात्रीने तिरका कापलेला असेल तर एका बाजूला रिंगपर्यंत पोचतच नाही. शिवाय दर वेळी काढून-घालून टोकावर कनेक्टरच्या दातांचे ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतून हवा जाते. धारदार ब्लेडने काटकोनात बोटभर कापून टाका आणि नवं टोक शेवटपर्यंत दाबा, अडेपर्यंत, मग आणखी थोडं. माझा पाइप सुरुवातीला ६ मीटरचा होता, आता साडेपाचवर आलाय, आणखी कमी झाला की बदलणार, कारण लांबी ही इथे सुरक्षितता आहे.

साबणाचं पाणी

आता भांडी घासायचा लिक्विड साबण, थोडं पाणी, जुना दाढीचा ब्रश. २० पीएसआयच्या वर जाऊ नका, चाचणीला तेवढं भरपूर होतं, आणि ही एकच वेळ आहे जेव्हा आपण भरलेल्या पॅडजवळ जातो, म्हणून चष्मा लावा, बाटलीच्या रेषेत डोकं आणू नका, पोरांना लांब. हाताकडून सुरुवात करा. वॉलच्या तोंडावर, गेजच्या आट्यांवर, बॉल व्हॉल्व्हच्या दांड्याशी, कनेक्टरवर, मग पॅड. जिथे फुगे सतत वाढत राहतात तिथे लीक. एक-दोन फुगे येऊन थांबले तर ती आधीच अडकलेली हवा, सोडून द्या.

हाताकडून का, तर तिथलं लीक दुरुस्त करणं सोपं, आणि दोन लीक असतील तर आधी सोपं बंद करून मग खरं कुठलं ते कळतं. बाटलीच्या तोंडाशी मात्र साबणाचा फारसा उपयोग नाही, बाटली उलटी असल्यामुळे तिथून हवा नाही, पाणी गळतं. जमीन ओली होत असेल तर ओ-रिंग, जमीन कोरडी आणि काटा उतरतोय तर नळी किंवा वॉल. अर्धी शोधाशोध ह्या एका गोष्टीने वाचते.

दहा-वीस रुपयांतलं

ओ-रिंग. वर्षभर माळ्यावर बाटली लावूनच ठेवली असेल तर ती चपटी झालेली असते, काढून दोन बोटांत धरली की एका बाजूला सपाट दिसते. नवी घ्या, नायट्राइल रबराची. साइज फोनवरून विचारू नका, बाटलीच्या मानेचा कापलेला तुकडा आणि पाइपचा तुकडा खिशात घालून मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटला जा, दुकानातच बसवून बघा. पहिल्या दोन-तीन दुकानांत "किती डझन?" असा प्रश्न येईल, लाजू नका, पुढच्या दुकानात सुटी मिळते. मी एकदम दहा आणतो, पाच पोरांच्या हातून हरवतातच.

वॉल. तुमचा वॉल सायकलचा असेल, आपल्या साध्या काळ्या सायकलला असतो तो, तर त्याच्या आत बारीक रबरी नळी असते, वॉल ट्यूब. ती कुजली की हवा मागे येते. कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळते, घरी बदलता येते. मोटारसायकल-गाडीवाला वॉल असेल तर आतली पिन घट्ट आहे का बघा, आणि थुंकी लावून बघा, टायरवाला करतो तसं. फुगा आला तर पिन बदला. मी स्वतः ट्यूबलेस टायरचा नटाने कसायचा धातूचा वॉल वापरतो, जीआयच्या कॅपला ११.५ मिमीचं भोक पाडून. भोक मोठं झालं किंवा कडेला धार राहिली तर वॉलखालचा रबरी वायसर कापला जातो, त्यामुळे भोक पाडल्यावर पॉलिश पेपर मारा. आणि पंपाच्या नळीचं क्लिप-तोंड सैल असेल तर प्रत्येक दाबाला थोडी हवा तिथूनच उडते, काटा चढतच नाही, आणि आपण उगाच पॅडला शिव्या घालतो.

आटे. टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे टोक तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना ती उलगडत बाहेर येते. आणि एकदा कसलेलं फिटिंग सरळ करायला मागे फिरवलंत की टेप फाटली समजा, काढून नव्याने गुंडाळा. हाताकडचं सगळं एकदा कसून ठेवा आणि पिशवीत तसंच न्या, ते सुटं करायची गरजच नाही. मी आधी तेही सुटं करायचो, का ते आता आठवत नाही.

आधीच सुटतंय किंवा सुटतच नाही

इथे आकडा सांगतो म्हणजे गांभीर्य कळेल. बाटलीच्या मानेचं भोक साधारण पावणेबावीस मिमी. ६० पीएसआयला त्या भोकाच्या क्षेत्रफळावर हिशेब केला तर बाटली साधारण १५ किलोच्या जोराने वर जायला बघते. ४० लाही १० किलोच्या वर. हा सगळा भार केबल टायच्या त्या चिमुकल्या डोक्यांवर आहे.

म्हणून आधी टाय बघा. पांढरे टाय उन्हात राहिले की ठिसूळ होतात, वाकवले की टक् करून तुटतात. काळे जास्त टिकतात. एक जरी तुटलेला किंवा बाहेर वाकलेला असेल तर भार बाकीच्यांवर जातो, बाटली एका बाजूने वर सरकते आणि ओ-रिंगची पकड सुटते. एक-एक बदलायच्या भानगडीत पडू नका, सगळे काढा आणि एकाच पाकिटातले नवे लावा. डोकी सगळी एका रेषेत आली पाहिजेत, बाटली बसवून, डोकी कड्यावर टेकवून, मग खालचं क्लॅम्प कसायचं.

टाय चांगले आहेत तरी आधीच सुटतंय? कॉलर बघा. तिला वर धरून ठेवणारं रबर किंवा स्प्रिंग ढिली झाली की पंपाच्या धक्क्याधक्क्याने कॉलर खाली घसरते. रबर वर्षाला एक बदलायचं, पावसाळ्यात ते चिकट होतं. स्प्रिंग असेल तर जुहू-चौपाटीहून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गंजते.

आता एक गोष्ट जी मला कळायला दोन वर्षं लागली. एका शाळेत सकाळी सात रॉकेट मस्त उडाली आणि मग लागोपाठ तीन वेळा टायने धरलंच नाही, बाटली बसते पण पहिल्याच दाबाला सुटते. वाटलं टाय गेले. बदलले, तरी तेच. मग एका मुलीनेच दाखवलं, "सर, ह्या बाटलीची मान उंच आहे." कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या माना दोन प्रकारच्या असतात, जुनी उंच आणि नवी आखूड, तोंडापासून कड्यापर्यंत २१ मिमी आणि १७ मिमी. ४ मिमीचा फरक! आखूड मानेला जमवलेल्या टायची डोकी उंच मानेच्या कड्याखालीच राहतात किंवा जेमतेम कडेला टेकतात. पोरं घरून बाटल्या आणतात तेव्हा दोन्ही मिसळलेल्या असतात. आता मी मोजपट्टी न लावता एक नमुन्याची बाटली सोबत ठेवतो आणि येणारी प्रत्येक बाटली तिच्याशेजारी उभी करतो.

सुटत नसेल तर उलटं. आधी व्हॉल्व्ह उघडून हवा सोडा, काटा शून्यावर येऊ दे, वर एक मिनिट थांबा, मग जा. दोरीला जोरजोरात हिसके देऊ नका, पॅड आडवा होतो आणि आडवं सुटलेलं रॉकेट म्हणजे १५ किलोने ढकललेली बाटली लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. कॉलर अडकायचं कारण बहुतेक वेळा वाळू, नाहीतर कॉलर एकाच बाजूने ओढली जाते आणि तिरकी होऊन अडकते, कपाटाचा ड्रॉवर एका हाताने ओढल्यावर अडकतो तशी. कॉलरला समोरासमोर दोन भोकं पाडा, दोन दोऱ्या बांधा, खाली एकत्र करा. कॉलरच्या आतली कापलेली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कॉलर कुठल्या मापाची घ्यायची ह्यावर लोक वाद घालतात, मी सांगेन की प्लंबिंगच्या दुकानातून दोन-तीन मापांचे हातभर तुकडे मागा आणि टायवरून सरकवून बघा, घट्ट पण एका बोटाने सरकेल तो तुमचा.

तिरकं जाणं

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. दोरी आडवी ओढली की कॉलर सुटायच्या क्षणभर आधी अख्खा पॅड तुमच्याकडे झुकतो, आणि रॉकेट निघतं तुमच्याच डोक्यावरून. पॅडच्या बुडाशी एक कडी लावा, दोरी कॉलरवरून खाली त्या कडीतून घेऊन मग बाहेर काढा. आता तुम्ही आडवी ओढली तरी कॉलरला खालीच ओढ बसते. कडी ५ रुपयांची.

पाय घडीचे असल्यामुळे हलके असतात, तर प्रत्येक पायावर पाण्याने भरलेली २ लिटरची बाटली बांधा. मैदानात खिळे ठोकता येतात, शाळेच्या पेव्हर ब्लॉकवर नाही. वाळूत पाय रुतून पॅड आपोआप कलतो, तिथे पायांखाली प्लायवूडचे तुकडे. आणि दुपारी चारनंतर समुद्राकडून वारा येतोच, तेव्हा पॅड कितीही सरळ असू दे रॉकेट वाऱ्याकडे तोंड फिरवतं, तो पॅडचा दोष नाही, सकाळी उडवा. सोसायटीच्या गच्चीवरून नको, खाली येताना कोणाच्या गाडीवर आणि कोणाच्या डोक्यावर हे आपल्या हातात नसतं. विमानतळाच्या आणि जुहूच्या हेलिकॉप्टरांच्या बाजूला तर नकोच. मी एके काळी जुहूला जायचो, आता नाही जात.

कठीण आणि महागडं: पाइपच चुकला असेल तर

इथपर्यंत सगळं केलंत, नवी बाटली, नवी ओ-रिंग, तरी तोंडाशी गळतंय, तर पाइपचं माप बघा. दुकानात "अर्धा इंच पाइप" मागितलात तर तीन वेगळे पाइप हातात पडू शकतात. पांढरा प्लंबिंगचा यूपीव्हीसी अर्धा इंच, बाहेरून २१.३ मिमी, हा पाहिजे, बाटलीत अलगद बसतो. क्रीम रंगाचा गरम पाण्याचा सीपीव्हीसी अर्धा इंच बाहेरून १५.९ मिमी, तो बाटलीत खुळखुळतो. त्याचाच पाऊण इंच २२.२, तो आत जातच नाही, आणि लोक हातोडीने घालतात. शेतीचा करडा पाइप २० मिमी, तो बसल्यासारखा वाटतो, आणि मग जाडजूड ओ-रिंग लावून ओढूनताणून चालवतात, ती रिंग चौथ्या उड्डाणाला गुंडाळून बाहेर येते. शंका असेल तर व्हर्निअर लावा, नसेल तर दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा.

यूपीव्हीसीत जाड भिंतीचा, स्केड्यूल ८० चा घ्या, कारण त्यात ओ-रिंगसाठी खाच पाडायचीय. खाच घरी ब्लेडने पाडू नका. हाताने ती वाकडी होते, एकीकडे खोल एकीकडे उथळ, आणि खोल बाजूला भिंत कागदासारखी उरते. मी तीन पाइप असे वाया घालवले.

चिकटवलेल्या जॉइंटवर आता संशय घ्यायचा, आता, आधी नाही. त्याची चाचणी हवेने करू नका. सगळा पॅड आणि बाटली पाण्याने काठोकाठ भरा, नळीसकट, हवा राहू देऊ नका, बादलीत ठेवा, मग पंप मारा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलंच तर टप् आवाज होऊन पाणी गळतं, तुकडे उडत नाहीत. नवा चिकटवलेला कुठलाही जॉइंट, २४ तास सुकल्यावर, मी आधी असा ८० पर्यंत नेतो, उडवताना ६० च्या वर जात नाही, आणि पोरं पंप मारत असतील तर ४०. जॉइंट गळाला तर वरून सोल्युशन थापून उपयोग नाही, कापून नवा.

कुठे थांबायचं

ओ-रिंगची खाच: लेथवाल्याकडे जा. भांडुप, कुर्ला, साकीनाका, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टर्नर मिळेल, ओ-रिंग आणि बाटलीची मान सोबत न्या, तो दहा मिनिटांत पाडून देतो. पितळी किंवा नायलॉनचा अख्खा तुकडाच वळून घेतलात तर आणखी चांगलं, पीव्हीसीची कटकटच संपली. पैसे जास्त जातील.

गेज: टायरवाल्याच्या गेजशी आणि तुमच्या गेजशी ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक येत असेल, किंवा काटा शून्यावर परत येत नसेल, तर उघडून नीट करायचा प्रयत्न करू नका, नवं घ्या. चुकीच्या गेजवर सगळी सुरक्षितता उभी आहे.

जीआयच्या फिटिंगला तडा, आटे खाल्लेले, वेल्डिंग करू का असा विचार: नाही. प्लंबरकडून तो तुकडा बदलून घ्या.

पाइपला केसाएवढी चीर दिसली, पाइप उन्हात वर्षभर गॅलरीत पडला होता, खाली पडला आणि खण्ण आवाज आला: दुरुस्ती नाही, त्या दिवसाचा कार्यक्रम बंद. पोरं रडतील, मुख्याध्यापक बघतील, तरी बंद. एका शाळेत मी एकदाच असा कार्यक्रम बंद केलाय, पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असताना, आणि त्या खुर्च्या पॅडपासून दहा मीटरवर मांडलेल्या होत्या.

आणि तासभर सगळं तपासूनही काटा का उतरतोय ते कळत नसेल तर प्रेशर वाढवून "बघू तरी" करू नका. पिशवीत भरा, घरी न्या, पाण्याची चाचणी करा, किंवा एखाद्या न्यूमॅटिक फिटिंगवाल्याला दाखवा, ज्याचा रोजचा धंदा दाबलेल्या हवेचा आहे.

पीव्हीसीचा तुकडा मी दर मे महिन्यात बदलतो, काहीही झालेलं नसलं तरी, आणि नव्या पाइपवर मार्करने तारीख लिहितो. जीन्सखाली लपते ती, म्हणून परत जीन्सवर लिहितो.